संकष्टीला आलेली कोळीण

सोळाव्या वर्षी माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं आणि ते सांगून टाकायला आई होती. माझे स्नायू जन्मापासून स्वतःच्या मर्जीने चालतात, जिभेसकट. माझं एक वाक्य पूर्ण होईस्तोवर समोरच्याचा चहा निवतो. त्यात आई प्राथमिक शाळेत बाई. मूल अडखळलं की उत्तर सांगून मोकळं व्हायचं, ही तिची सवय शाळा सुटल्यावरही सुटत नसे.

त्या मे महिन्यात तिने माझं नाव एका ऑनलाइन शिबिरात घातलं. माझ्यासारख्या, म्हणजे अपंग म्हणा नाहीतर दिव्यांग म्हणा, मुलांसाठी. दोन आठवडे, रोज अकरा वाजता. चालवणारी ताई पुण्याची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुला सुट्टीत काय आवडतं?"

"म... ला..."

"तिला वाचन आवडतं," आई स्क्रीनमध्ये घुसून म्हणाली.

मला झोपायला आवडतं. पण पुढे दोन आठवडे मी वाचनाची आवड असलेली मुलगी म्हणून वावरले.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने गावातल्या आवडत्या जागेवर पाच मिनिटं बोलायचं होतं. आईने रेवदंड्याच्या किल्ल्यावर दोन पानं लिहून काढली. मला किल्ला आवडत नाही, तिथे माझी व्हीलचेअर जात नाही. मला बोलायचं होतं बंदराजवळ बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांवर. आणि मीच बोलायचं होतं. पाच मिनिटं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि ती पाच मिनिटं मला हवीच होती.

म्हणून मी कट केला. रोज आमच्या ओट्यावर टोपली उतरवणारी कोळीण माझं वाक्य संपेपर्यंत गप्प बसायची. आई मासे धुवायला मागे गेली तेव्हा मी तिला सांगितलं, शुक्रवारी बरोबर अकराला ये आणि भावावरून आईशी अर्धा तास घासाघीस कर. सांगायला बराच वेळ लागला. "बोल गो बाय," ती म्हणाली, "टोपलीतलं म्हावरं काय पलत न्हाय."

शुक्रवारी सकाळी घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास सुटला. संकष्टी! कट करताना मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त पंचांग बघायचं राहिलं होतं.

अकरा वाजले. ताईने पहिलं नाव माझंच पुकारलं. आईने चष्मा सावरून पानं हातात घेतली. तेवढ्यात ओट्यावरून आरोळी आली, "म्हावरंऽऽ!"

"अगो, आज संकष्टी! उद्या ये," आई जागेवरूनच ओरडली.

संपलं, मी म्हटलं. मग आवाज आला, दुप्पट मोठा. "संकष्टी हाय, ठाव हाय मला! पन माज्या बोंबलांना वास येतो, असं आख्ख्या आलीत सांगत फिरलीस, त्याचं काय?"

आई असं काहीही बोलली नव्हती. ती दिवसभर उपाशी राहू शकते, खोटा आळ ऐकून बसून राहू शकत नाही. पानं खुर्चीवर आपटून ती बाहेर गेली.

मी सुरुवात केली. 'बोंबील' हा शब्द तीनदा अडला. चौथ्यांदा जमला त्याच क्षणी बाहेरही कुणीतरी "बोंबील!" म्हणून किंचाळलं. स्क्रीनवरची सगळी मुलं हसली, मीही हसले. मग मी सांगितलं की बोंबील वाळवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगतात. आमच्या घरीही अशी एक जोडी आहे. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याची पंचाईत.

बोलता बोलता लक्षात आलं, बाहेरचं भांडण कधीच थांबलंय. खिडकीबाहेर दोन सावल्या होत्या. घड्याळात माझी पाच मिनिटं उलटून गेली होती. ताईने पुढचं नाव पुकारलं नव्हतं.

"झालं काय गो तिचं?" कोळणीची कुजबुज ऐकू आली. "उनात म्हावरं खराब व्हतंय. जाऊ मी?"

"श्शू," आई म्हणाली. "थांब. ती बोलतेय अजून."

मला एकदम रडू आलं. त्यामुळे पुढचा शब्द आणखीच लांबला. तो मीच पूर्ण केला.