काशीच्या नावाची हाक

रेवदंड्याच्या हेमांगी राऊतचे कान लहानपणापासून तिखट. वाडीत नारळ पडला की तो शहाळं आहे की सुका, हे ती घरात बसून सांगायची. पुढे तिने पुण्यात ध्वनिमुद्रण शिकून मुंबईत काही वर्षं काम केलं आणि वडिलांना अर्धांगाचा झटका आल्यावर ती घरी परतली. मागच्या पडवीतल्या खोलीला तिने आतून गोधड्या लावल्या, नारळाच्या झावळ्यांची सळसळ बाहेरच राहील अशी सोय केली आणि तिथूनच मुंबईतल्या एका स्टुडिओची कामं घेऊ लागली. बाजारात कुणी विचारलं, काय करतेस, तर ती म्हणायची, "आवाज गोळा करते."

हा स्टुडिओ एका परदेशी कंपनीच्या कॉम्प्युटर गेमसाठी काम करायचा. जुन्या काळातलं एखादं राज्य हाती घ्यायचं, शेती पिकवायची, किल्ले बांधायचे, आरमार उभारायचं आणि लढत किंवा तह करत साम्राज्य वाढवायचं, असा तो गेम. त्याला आता नवा भाग जोडला जाणार होता, कोकण किनाऱ्याचा. त्यात गलबतं होती, खाड्या होत्या, जलदुर्ग होते. गलबतांवरच्या खलाशांचे आवाज आणायची जबाबदारी हेमांगीवर आली.

स्टुडिओतला प्रमुख पियूष फोनवर म्हणाला, "नट मिळतील गं मुंबईत. वाक्यं लिहून पाठव, बोलून घेऊ."

"नटांना शिडाचं ओझं माहीत नाही," हेमांगी म्हणाली. "आवाज खोटा येईल. मी इथेच करते."

कोळीवाड्यातला विनेश होडी द्यायला तयार झाला. त्याच्या आजोबांचं शीड माळ्यावर पडून होतं. ते उभारायचं कसं, हे मात्र एकट्या बाळाजीकाकांना येत होतं. तरुणपणी ते शिडाच्या होडीवर होते. साठी ओलांडलेले, काटक, बोलायला मोठी हौस. हेमांगीने त्यांच्या सदऱ्याला छोटा माइक लावला, तेव्हा त्यांनी मान खाली घालून त्याला विचारलं, "काय रं, ऐकतंस ना?"

नोव्हेंबरातली सकाळ होती. खाडीच्या मुखाशी त्यांनी इंजिन बंद केलं, शीड चढवलं आणि बाळाजीकाका एकेक आरोळी देऊ लागले. शीड ताणायची, वारा पडल्याची, समोर गलबत दिसल्याची. हेमांगी कानाला हेडफोन लावून फळीवर बसली होती. आवाज सुरेख येत होते, पण मागून बंदरातल्या बर्फाच्या मशीनची घरघर मिसळत होती.

"अजून थोडं बाहेर जाता येईल?" तिने विचारलं.

विनेशने खाडीपलीकडच्या कोर्लईच्या दिशेने पाहिलं. "जाता येईल. पण वारा फिरायला लागलाय, ताई. लवकर आटपायला लागंल."

ते बाहेर गेले. घरघर थांबली. बाळाजीकाकांनी आणखी काही आरोळ्या दिल्या आणि तेवढ्यात वारा फिरला. होडी कोर्लईच्या खडकांकडे सरकू लागली. विनेशने इंजिन चालू केलं. ते जरा वेळ चाललं आणि गचका खाऊन बंद पडलं. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलं होतं.

"शीड उतरवा, काका!" विनेश ओरडला.

शीड उतरेना. दोर कप्पीत अडकला होता. बाळाजीकाका डोलकाठीला धरून उभे राहिले आणि कोयत्याने दोर तोडू लागले. दोर तुटला, तशी शिडाची आडवी काठी फिरून त्यांच्या खांद्यावर बसली. ते सरळ पाण्यात गेले.

हेमांगीच्या कानावर हेडफोन अजून होते. काकांच्या सदऱ्यावरचा माइक चालू होता. त्यामुळे तिला त्यांचा श्वास अगदी कानात ऐकू आला, पाण्याचा घोट, खोकला आणि मग एक हाक.

"काशेऽऽ!"

पुढे नुसती खरखर.

तिने हेडफोन भिरकावले. विनेशने नांगर टाकला. नांगर घसरला, पुन्हा घसरला, मग कुठेतरी धरला. खडकांवर फुटणाऱ्या लाटेचं पाणी होडीत येत होतं. हेमांगीने दोर फेकला, तो आखूड पडला. दुसऱ्यांदा फेकला तेव्हा काकांनी एका हाताने पकडला. दुसरा हात हलत नव्हता. दोघांनी त्यांना ओढून होडीत घेतलं, तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. कोर्लईकडून येणाऱ्या एका होडीने दोर लावून सगळ्यांना बंदरात आणलं.

अलिबागच्या दवाखान्यात खांदा बसवला. बरगड्या मोडल्या होत्या, पण धोका नव्हता. हेमांगी घरी येऊन ओल्या कपड्यांनिशीच खुर्चीत बसून राहिली. तिच्या यंत्रातलं सगळं मुद्रण रोजच्यासारखं आपोआप स्टुडिओकडे गेलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पियूषचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"हेमांगी, ती शेवटची आरोळी! ट्रेलरमध्ये आणि गेममध्येही, गलबत बुडतं त्या जागी लावली मी. तिकडच्या कंपनीवाल्यांनी तीन-चारदा ऐकली. काय अभिनय करून घेतलास गं!"

"तो अभिनय नव्हता," ती म्हणाली. "ते बुडत होते."

पलीकडे वाजत असलेला आवाज पियूषने बंद केला.

"आता बरे आहेत ना?" पियूषने विचारलं. ती हो म्हणाली, तसा तो हळूच म्हणाला, "हे बघ, ट्रेलर मंजूर झालाय. शुक्रवारी संध्याकाळी जगभर सुटणार. आता बदल करणं कठीण आहे. तू त्यांना एकदा विचार तर. कदाचित त्यांना आवडेलही."

हेमांगी कोळीवाड्यात गेली. बाळाजीकाका ओटीवर खांदा बांधून बसले होते. तिने सगळं सांगितलं, तर ते उलट खूश झाले.

"म्हंजे माजा आवाज परदेशात ऐकतील? लाव, लाव. मना पन ऐकू दे."

तिला लावायचं नव्हतं. पण आवाज त्यांचा होता, आणि ते मागत होते. तिने फोनवर लावला. खोकला आला, हाक आली. आत भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबला. काशीकाकू पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय हाय ते?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"बुडताना बोलावलात मला?"

"तोंडातनं गेलं," बाळाजीकाका चाचरत म्हणाले. "अगं, गेमात लावनार हायत. जहाज बुडलं की ही हाक येनार. जगभरची पोरं ऐकतील."

"दर टायमाला?"

"हो, दर वेळी," हेमांगी म्हणाली.

"न्हाय." काशीकाकूंनी हात पदराला पुसले. "बाकीचं काय बोलले असतील ते घ्या. ही हाक माजी हाय. पोरांच्या खेळात ती न्हाय वाजायची."

"माज्या तोंडची हाय ती," काका म्हणाले.

"पन मारली कुनाला?"

काकांनी हेमांगीला खूण केली, काढून टाक.

शुक्रवारी सकाळी हेमांगीने मांडव्याहून मुंबईची बोट धरली. फोनवर पियूष टाळेल, हे तिला ठाऊक होतं. ती स्टुडिओत पोहोचली तेव्हा तो नाराज दिसला, पण त्याने खुर्ची दिली.

"बदली आवाज आहे का तुझ्याकडे?" त्याने विचारलं. "नसेल तर मी तिकडे काय तोंड दाखवू? आणि हे बघ, नाव काढून नुसती किंकाळी ठेवली तर?"

"नाही. ती किंकाळी नाही, हाक आहे. अर्धी केली तरी त्यांचीच राहील."

"मग दाखव काय करतेस ते. वेळ नाहीये."

ती बसली. काकांनी घरी खाटेवर बसून पुन्हा ओरडून पाहिलं होतं, पण ते हसू आणणारं झालं होतं. मुंबईच्या नटांचे जुने आवाज तिने लावून पाहिले. सगळे नाटकी. शेवटी तिने माणसाचा आवाजच काढून टाकला. शीड फाटण्याचा आवाज ठेवला, दोर कप्पीवर घासण्याचा, लाकूड करकरण्याचा, आणि मग सगळं एकदम बंद. पडद्यावर गलबत पाण्याखाली जात होतं आणि खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

पियूषने दोनदा पाहिलं. "पाठवतो," तो म्हणाला.

उत्तर येईना. तिकडे सकाळ व्हायची होती. मग सकाळ झाली, तरी उत्तर नाही. पियूष खोलीत येरझारा घालत होता. पडद्यावर ट्रेलर सुटायची वेळ जवळ येत होती आणि जुना ट्रेलर अजून तसाच रांगेत उभा होता.

"मी थांबवू शकत नाही," पियूष म्हणाला. "माझ्या हातात नाही."

"फोन तर लावू शकतोस."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग फोन उचलला. इंग्रजीत, अडखळत, तो पहिल्यांदाच सगळं खरं बोलला. माणूस बुडत होता, त्याच्या बायकोचं नाव आहे, ती नको म्हणते. पलीकडून कुणीतरी बरेच प्रश्न विचारले. पियूषने फोन ठेवला आणि पडद्याकडे बोट केलं. जुना ट्रेलर रांगेतून गेला होता. नवा चढत होता.

"मूळ फाइलही पूस," हेमांगी म्हणाली. त्याने तिच्यासमोर पुसली.

नवा भाग पुढे आला, चालला. गलबतावर बाळाजीकाकांच्या आरोळ्या आहेत आणि शेवटच्या यादीत त्यांचं नावही आहे. पियूषने पुढच्या कामाला हेमांगीला बोलावलं नाही. तिने दुसरीकडे काम शोधलं.

खांदा भरून आल्यावर काका पुन्हा विनेशच्या होडीवर गेले. त्या दिवशी हेमांगी बंदरावर होती. काशीकाकू तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. होडी कोर्लईच्या टोकाला वळसा घालून दिसेनाशी झाली, तरी त्या हलल्या नाहीत.

"त्या दिशी बंदरावर असते," त्या म्हणाल्या, "तर ऐकू आलं असतं का गं मला?"

हेमांगीने वाऱ्याची दिशा आठवून पाहिली. "नसतं आलं, काकू," ती म्हणाली.

काशीकाकूंनी मान हलवली आणि मासळीची पाटी उचलून त्या घराकडे निघाल्या.