काकांच्या वजनातला दहावा हिस्सा

कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. तिथे आम्ही सातजण बसून कागदावर लढाऊ बोट काढत होतो. हसू नका, खरंच. मोठ्या जहाजांना खोल समुद्र लागतो. आम्हाला काढायची होती किनाऱ्याची, ओहोटीलासुद्धा खाडीच्या तोंडातून आत घुसेल अशी छोटी नि स्वस्त बोट. पहिली नीट निघाली तर आणखी मिळणार होत्या, आणि ऑफिस जगणार होतं.

माझ्याकडे वजनाचं काम. इंजिनापासून चहाच्या किटलीपर्यंत बोटीवर जे जे चढणार, त्याचं वजन ज्याच्या त्याच्याकडून मागून घ्यायचं आणि बेरीज आवाक्यात ठेवायची. वजन वाढलं की बोट जास्त बुडते, मग मोठं इंजिन, मग जास्त डिझेल, मग आणखी वजन. स्वस्त बोट महाग होते ती अशी. त्यात गिऱ्हाइकाचं दर बैठकीत काहीतरी नवीन. तोफ जरा मोठी हवी, रडार जरा उंच हवं, एसी हवाच. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! मी लालबागची, तोंडाची फटकळ. एकदा बोलून गेले, "साहेब, लॉन्ड्री पण टाकू का एक?" कोणी हसलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. वजन कोणी खरं सांगत नाही. शंभर किलोची वस्तू असेल तर एकशेदहा लिहायचं, उद्या वाढलं तर आपल्या अंगावर नको. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून बेरीज करणाराही गुपचूप सगळ्यांचे आकडे छाटतो. तोंडाने कोणी बोलत नाही. तोफ मोठी झाली तेव्हा माझी बेरीज काही केल्या बसेना. मग मी सरसकट प्रत्येक आकड्यातला दहावा हिस्सा कापला. कुणाला विचारलं नाही.

आमच्यात एक काका होते. गोदीतून रिटायर झालेले ड्राफ्ट्समन, मूळचे मालवणकडचे, परळच्या चाळीत राहणारे. आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर. बोटीचा पोलादी सांगाडा, दारं, जिने, सगळं त्यांच्याकडे. काका वजन खरं द्यायचे. नमुन्याचं दार आलं की हमालांना बाजूला करून खालच्या गोदामातल्या काट्यावर ठेवायचे. "रंगाचा पण वजन असता गो," म्हणायचे, आणि रंगाचंही धरायचे. मी हे रोज बघत होते. तरी कापताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की या माणसाने काही राखूनच ठेवलेलं नाही, याच्या आकड्यातून कापतेय ते बोटीतलं खरं लोखंड आहे. सगळे सारखेच, असं धरून चालले. घाई होती म्हणायची मला लाज वाटते.

बोट पाण्यात उतरली त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. मग तिच्या अंगावर रंगवलेले, किती बुडाली ते सांगणारे आकडे वाचायला आम्ही होडीतून गेलो. ठरल्यापेक्षा ती वीतभर जास्त बुडालेली होती. वीतभराने काय होतंय, असं तुम्ही म्हणाल. पण ओहोटीला खाडीच्या तोंडाशी तेवढंच पाणी हाताशी असतं. चाचणीला ती तिथे चिखलात रुतली. शेजारून कोळ्यांच्या होड्या आरामात आत गेल्या, वरची माणसं आम्हाला हात करत होती.

सगळं पुन्हा तोललं. बाकीच्यांनी राखून ठेवलेलं होतं, त्यांचं बरोबर बसलं. सांगाडा तेवढा जड निघाला. किती जड ते बैठकीत सांगितलं, कशापेक्षा, काकांच्या आकड्यापेक्षा की माझ्या कापलेल्या, ते कोणी विचारलं नाही. तक्ता माझा होता, सांगाड्यासमोर नाव काकांचं. आमच्या साहेबांनी विचारलं, "काका, हे कसं काय?"

काका उभे राहिले. "चुकलं असेल, साहेब. बघतो मी."

मी समोरच बसले होते. एवढंच बोलायचं होतं, की त्यांचं नाही, माझं चुकलं. एरवी गिऱ्हाइकाला लॉन्ड्री ऐकवणारी मी, मूग गिळून बसले. नोकरी जाईल ही भीती, दुसरं काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर बाटलीतलं पाणी पीत बसलेला. महिनाअखेरीला काकांचा करार संपला, तो परत झाला नाही. पुढच्या बोटीही आल्या नाहीत. आम्ही आता बार्जच्या दुरुस्तीची ड्रॉइंग काढतो.

चार महिन्यांनी मी परळला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. जिना चढताना वाक्य पाठ करत होते.

काकांनी दार उघडलं ते हसतच. "बरा झाला इलंस!" त्यांनी एक जाडी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. अख्खा सांगाडा त्यांनी आठवून आठवून पुन्हा मांडला होता, पत्र्यापत्र्याने, पेन्सिलीने. शेवटच्या पानावर एका ओळीभोवती लाल गोल.

"गावली गो चूक," ते म्हणाले. "इंजिनरूमचो जिनो मी धरूकच नाय. आणखी पण असाच कायतरी रवला असतला. वय झाला."

आतून काकी म्हणाल्या, "चार महिने धड जेवले नाहीत गं. काल ती ओळ सापडली, तेव्हा कुठे झोपले."

जिना त्यांनी धरला होता. मी स्वतः तो त्यांच्या कागदावरून टाइप केला होता, आणि कापला होता. आणि एका जिन्याने बोट वीतभर बुडत नाही, हे काकांएवढं कोणाला कळणार? पण ते माझ्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल विचारावा तसे.

"कागद तर सगळे तुमच्याकडेच रवले," ते म्हणाले. "तूच सांग. होतो काय तो जिनो माझ्या कागदात?"

"नव्हता, काका," मी म्हटलं.