तो ठराव अध्यक्षांनी मांडला नव्हता

अध्यक्ष गेल्याचा निरोप आला तेव्हा मी विहाराच्या पायरीवर उभा होतो. रविवारची वंदना आटोपून माणसं पांगत होती आणि त्यांच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला. "काका, दादा गेले..." एवढंच ती म्हणाली. फोन खिशात ठेवून मी खाली पाहिलं. पायरीपाशी सगळ्यांच्या चपला रांगेत होत्या, तोंडं रस्त्याकडे केलेल्या. माझ्याही. महिनाभर अंथरुणावर असलेल्या अध्यक्षांनी त्या लावलेल्या नव्हत्या, हे मला कळत होतं. वस्तीतल्या मुली आता ते काम करतात. तरी त्या चपलांत पाय घालायचा मला धीर झाला नाही. अनवाणीच त्यांच्या घरी गेलो. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखाने म्हाताऱ्याचं भान हरपलं. तसं नव्हतं... आणि ते तसं का नव्हतं, हे आता लिहून टाकायचं आहे.

गणपत रोकडे यांना गावात नावाने कोणी हाक मारत नसे. पडघ्याच्या अलीकडचं आमचं छोटं गाव, त्यातली आमची बौद्ध वस्ती, आणि तिच्या मंडळाचे ते पंधरा वर्षं अध्यक्ष. पोटासाठी भिवंडीत कापडाचा लूम चालवायचे. तीस वर्षं त्या खडखडाटात उभं राहून त्यांचा डावा कान पार गेला होता, उजवा अर्धा उरला होता. त्यामुळे बोलणं मोठ्याने. खाजगीतलंसुद्धा चार घरांना ऐकू जायचं. चपला लावायची सवय लूमवरचीच. शिफ्ट सुटली की कारखान्याच्या दारात चपलांचा ढीग असे. "बारा तास ड्युटी करून सुटलेल्या माणसाला चप्पल वळवायला परत वाकावं लागू नये," ते म्हणायचे. विहाराच्या दारातही ते आधी चपला लावत, मग आत येऊन वंदनेला बसत. अध्यक्षाने चपलांना हात लावावा हे मला सुरुवातीला बरं वाटत नसे. मी शाळेत कारकून, अक्षर चांगलं, म्हणून मंडळाचा चिटणीस झालो होतो. ते मला हसून म्हणाले होते, "तू वही सांभाळ, मी चपला सांभाळतो. पण वहीत खाडाखोड नको हां. एकदा लिहिलं ते लिहिलं."

विहारासमोर मंडळाची मोकळी जागा होती. तिथे मुलींसाठी अभ्यासिका बांधायची, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. आमच्या घरांत एकच खोली. मुली अभ्यासाला बसल्या की कोणीतरी पाणी आणायला उठवतंच. पण तोवर आमच्या बाजूला गोदामं उभी राहू लागली होती. मागच्या शेतांत एक मोठं गोदाम झालं आणि त्याच्या मालकाला कंटेनर न्यायला आमच्या त्या जागेतून रस्ता हवा होता. बदल्यात वस्तीतल्या मुलांना काम देतो म्हणाला, अभ्यासिकाही दुसरीकडे बांधून देतो म्हणाला. माझा मिलिंद पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसला होता. कार्यकारिणीच्या सभेत आम्ही सातजण होतो. रस्त्याला जागा द्यावी, हा ठराव मी मांडला. मी. पाचजणांनी हात वर केले. त्यांच्याही घरात मुलं होती. एकटे अध्यक्ष म्हणाले, "पोरं काम कुठंबी शोधतील. जागा एकदा गेली ती परत यायची न्हाय." मग माझ्याकडे बघितलं आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात जेसीबी आला. वस्तीतल्या बाया विहारात जाब विचारायला आल्या. "आमच्या पोरींची जागा कुनी दिली? नाव सांगा त्याचं!" मी घरी गेलो, वही उघडली. त्या सभेचं इतिवृत्त अजून लिहायचं होतं. मी चांगल्या अक्षरात लिहिलं : 'ठराव अध्यक्षांनी मांडला व तो सर्वानुमते मंजूर झाला.' बाकीचे पाचजण बोलले नाहीत. त्यांनाही ते सोयीचं होतं.

रीतीप्रमाणे पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. ती सभा सगळ्या समाजाची होती. मी मुद्दाम अध्यक्षांच्या डाव्या बाजूला बसलो. ते वाक्य आलं तेव्हा आवाज उतरवला. समोरच्या बायांना ऐकू गेलं, एकदम कुजबुज उठली. अध्यक्ष मात्र मान हलवत शांत बसले होते. मग त्यांनी वही ओढून घेतली, ओळींखालून बोट फिरवलं आणि सही केली. ते सहीची जागा शोधताहेत, असं मी स्वतःला सांगितलं. पुढची सतरा वर्षं तेच सांगत राहिलो... त्यांना ऐकू आलं नाही, त्यांनी वाचलं नाही.

त्याच सभेत त्यांचं अध्यक्षपद गेलं. "पोरींची जागा खाल्ली" असं बाया त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. अभ्यासिका मालकाने कुठेच बांधली नाही. पण पुढच्या रविवारी अध्यक्ष आले, चपला लावल्या, आणि दाराजवळ सगळ्यांच्या मागे बसले. आपल्या घराची पडवी त्यांनी मुलींना दिली. बोलणाऱ्या बायांच्या मुलीही तिथेच शिकल्या. एक आज मस्कतला परिचारिका आहे, एक नाशकात बँकेत. हळूहळू लोक त्यांना पुन्हा अध्यक्षच म्हणू लागले. नाक्यावर चहा पिताना कोणी तरी चिडवायचं, "अहो, तुम्ही माजी!" त्यावर चहावाला म्हणे, "त्या अमेरिकेचा माजी असला तरी मरेपर्यंत अध्यक्षच म्हणतात. आपल्याच दादांना काय धाड भरली?" सगळ्यांत मोठ्याने अध्यक्ष हसत. मी चहा अर्धा टाकून उठायचो.

मिलिंदला त्या गोदामात नोकरी लागली. तिथून अनुभवावर तो दुबईला गेला, अजून तिथेच आहे.

अध्यक्ष जाण्याच्या दोन आठवडे आधी मी त्यांना भेटलो. सुमन आत चहा ठेवत होती. मी उजव्या कानाशी वाकून म्हणालो, "दादा, त्या वहीबद्दल बोलायचं होतं..." त्यांनी डोळे मिटले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, अगदी हळू आवाजात म्हणाले, "ठराव अध्यक्षांनी मांडला व तो सर्वानुमते मंजूर झाला." शब्द न् शब्द. "मग सही का केलीत?" मी विचारलं.

"न्हाय म्हनलो असतो तर दोन तट पडले असते. एका वस्तीला दोन विहार झालेले बघितलेत मी, दोन्हीला कुलूप." मग म्हणाले, "तुझा मिलिंद बरा हाय ना?"

मी हो म्हणालो. माफी मागायची राहिली. सुमन चहा घेऊन आली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अध्यक्षांच्या आठवणीला सगळी वस्ती विहारात जमली, तेव्हा मिलिंदने दुबईहून आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. सुमनने तो सगळ्यांना ऐकवला. "आम्ही एका खोलीत आठजण राहतो. पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांच्या चपला दाराकडे तोंड करून लावतो. आता आमचे नेपाळी आणि केरळी भाऊही लावतात. विचारलं तर सांगतात, मिलिंदच्या गावच्या प्रेसिडेंटचा नियम आहे." लोकांचे डोळे भरून आले. पण पुढे तो म्हणाला, "त्यांच्या हातून एक चूक झाली, जागेची. एवढ्या मोठ्या माणसाची एक चूक आपण आता माफ करू या."

माझा मुलगा त्यांना माफ करत होता. मी पहिल्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात बसलो होतो. तेव्हाही उठलो नाही.

चार दिवसांनी सुमनकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वहीत मी दुरुस्ती लिहून सही करतो, म्हणालो. ती म्हणाली, "दादांनी मला कधीच सांगितलं नाही... त्यांची आई-बहीण काढली लोकांनी, तरी नाही." मग म्हणाली, "वहीत खाडाखोड नको, काका. दादांना आवडायची नाही. तुम्ही बाहेर लिहा. सगळ्या गावाला वाचता येईल असं लिहा."

म्हणून हे. छापायला देण्याआधी मिलिंदला पाठवलं. त्याने वाचलं आहे, तसं फोनवर दिसतं. रोज संध्याकाळी येणारा त्याचा फोन मात्र सहा दिवस आलेला नाही.

काल रविवार होता. मी वंदनेला लवकर गेलो आणि गुडघे धरत, येतील तशा सगळ्यांच्या चपला लावल्या. माझ्या तेवढ्या होत्या तशाच ठेवल्या, भिंतीकडे तोंड करून. बाहेर आलो तर त्याही कोणीतरी वळवून ठेवल्या होत्या. कोणी, ते विचारलं नाही. पाय घातले. अध्यक्षांच्या रीतीने लावलेल्या चपलांत पाय घातला की माणसाला वळावं लागत नाही, समोर असेल तिकडे सरळ चालायचं. माझ्यासमोर तो रस्ता होता. त्यावरून कंटेनर चालले होते, आणि ते संपेपर्यंत मी पायरीवर उभा राहिलो.