मी न पाहिलेला डावा हात

अब्बांनी कामशेतला सुरू केलेला फोटो स्टुडिओ गेली नऊ वर्षं मी चालवते. पासपोर्ट, ओळखपत्रं, लग्नसराईत लग्नं. उजेड, लेन्स आणि गिऱ्हाइकाची हनुवटी थोडी खाली, एवढंच अब्बांनी शिकवलं होतं आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

लोणावळ्याचे एक निवृत्त प्राध्यापक जुना अल्बम स्कॅन करायला यायचे. एकदा त्यांनी काउंटरवर एक इंग्रजी पुस्तक ठेवलं. "तुझ्या कामाचं आहे, वाच."

मी चाळलं. आत ना कॅमेऱ्याची माहिती, ना फारसे फोटो. फोटो म्हणजे काय, तो कोणाचा, तो खरं बोलतो का, असलेच प्रश्न.

"हे वाचून फोटो चांगले येतात?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी गणित शिकवायचो. पण हे वाचल्यापासून माझाच अल्बम बघायला मला जास्त वेळ लागतो."

दुपारी दुकान रिकामं असलं की मी दोन-दोन पानं वाचायचे, मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत. निम्मं डोक्यावरून जायचं. एका ठिकाणी मात्र मी अडले. तिथे म्हटलं होतं की, फोटो काढणारा जेवढं बघतो त्याहून जास्त कॅमेरा टिपतो, म्हणून आपला फोटो आपल्यालाही पुरता ठाऊक नसतो. मला हे पटेना. माझा फोटो मला ठाऊक नसेल, तर मग कोणाला असणार?

त्याच आठवड्यात वडिवळ्याची एक मावशी बँकेसाठी फोटो काढायला आली. स्टुलावर बसायच्या आधी ती भिंतीपाशी थांबली. तिथे माझा सगळ्यात लाडका फोटो लावलाय. भातलावणी, खाचरात वाकलेल्या पाच बायका, पाठीमागून. बांधावर उभं राहून काढलेला. तीन वर्षं तो तिथे होता आणि येणाराजाणारा वाहवा करायचा.

"ही मी हाय," मावशी म्हणाली.

"कशावरून? तोंड कुठे दिसतंय?"

"तोंड कशाला? मी डावरी हाय. बघ की, चौघींचा उजवा हात चिखलात, माझा डावा."

मी चष्मा पुसून जवळ गेले. खरंच होतं. चार उजवे हात आणि एक डावा. हा फोटो मी निवडला होता, त्याचे रंग दुरुस्त केले होते, मोठा करून फ्रेम केला होता, आणि तो हात मला एकदाही दिसला नव्हता.

"तुम्हाला आवडला का फोटो?" मी जरा ओशाळूनच विचारलं.

"हिरवंगार लय छान आलंय. पर पोरी, फोटो काढलास का मला त्यातनं काढून टाकलंस?"

ती हसत होती. मला हसू येईना. आधी मी असं बोलणं चेष्टेवारी नेलं असतं. पण पुस्तकातला तो प्रश्न ताजा होता, म्हणून विचारलं, "मग कसा काढायला हवा होता?"

"लावणीला ये. तितं सांगते."

लावणी सुरू झाली तशी मी वडिवळ्याला गेले. सवयीनं बांधावर उभी राहिले. मावशी खालून ओरडली, "तितनं काय दिसतं? आधी खाली ये!"

सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी चिखलात उतरले. बायका भात लावत मागे मागे सरकत होत्या. त्यांच्या समोर गेले तेव्हा पहिल्यांदा चेहरे दिसले. बोलणंही ऐकू आलं. बांधावरून मला ते काम मुकं वाटायचं. इथे एकीच्या सुनेची उणीदुणी चालली होती आणि बाकीच्या खदखदून हसत होत्या. मी कितीतरी वेळ बटणच दाबलं नाही. मग दाबलं. मावशी मान वर करून कोणाला तरी दटावत होती, डाव्या हातात लावायला घेतलेलं रोप.

फोटो जरा तिरका आला. लेन्सवर एक थेंबही होता. प्रिंट घेऊन मी तिच्या घरी गेले. तिनं तो दाराच्या उजेडात धरला.

"आवडला न्हाई का?" तिच्याच बोलीत माझ्या तोंडातून निघालं.

"तसं न्हाई. एवढी म्हातारी कवा झाले मी?" मग फोटो डोळ्यांजवळ नेऊन, "आईसारखी दिसतीय."

चांगला की वाईट, ते तिनं सांगितलं नाही. फोटो मात्र तिनं परत दिला नाही.

त्या पावसाळ्यात मी माझे जुने फोटो काढून बसले. आधी विषय बाजूला ठेवायचा आणि कडेचं बघायचं. भुशी धरणावरच्या घोळक्यांमागे एक बाई दर फोटोत कणसं भाजताना सापडली. शाळेच्या ग्रुपफोटोत एका मुलीनं शेजारणीचा हात घट्ट धरलेला. हे सगळं मीच टिपलं होतं आणि मलाच माहीत नव्हतं.

आता लग्नाला गेले की पहिला अर्धा तास मी कॅमेरा बाहेर काढत नाही. परवा तळेगावला एका बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. नवरीचा मामा काळजीनं म्हणाला, "ताई, फोटो काढायला आलाय ना?"

"हो. आधी बघतेय."

"काय बघताय?"

मी खुर्चीवरूनच मांडवाच्या कडेला बोट दाखवलं. तोही शेजारी खुर्ची ओढून बसला, आणि आम्ही दोघं मांडवाकडे बघत राहिलो.