पुसलेले नंबर

माझे वडील जंगलखात्यात गार्ड होते. त्यांची सगळी नोकरी गडचिरोलीकडे झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेरूचा डबा धरून त्यांच्यामागे हिंडायची. ते बुंध्यावर पट्टा मारायचे, खाली नंबर टाकायचे आणि पुढच्या झाडाकडे वळायचे. वर्षभरानं त्या जागी खुंट असायचा. नंबर पडला म्हणजे झाड संपलं, हे मी पाढ्यांच्याही आधी शिकले. तेवढं एक शिकले नसते तर बरं झालं असतं.

आता मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शाळेत शिकवते. गावाच्या अगदी शेवटच्या ओळीत माझं घर आहे. मागं नाला, नाल्यापलीकडं मोहाची झाडं आणि त्यामागं जंगल. गावच्या जुन्या नकाशात मोहाचा तो तुकडा हिरव्या रंगात आहे, म्हणजे तिथं घरं बांधता येत नाहीत. हरित पट्टा हा शब्द आम्ही नकाशावर वाचला. एरवी सगळे नुसतं ‘मोहाकडं’ म्हणतात.

चैत्रात उजाडायच्या आधीपासून तिथं बायका असतात. कागदावर काही नसलं तरी कोणतं झाड कोणत्या घरचं हे ठरलेलं आहे. ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालचा पाला जाळायचा, जागा झाडून ठेवायची, मग पडलेली फुलं वेचायची. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलत नाही. त्यातली दोन झाडं पलीकडच्या टोल्यातल्या, म्हणजे छोट्या वस्तीतल्या, एका म्हाताऱ्या गोंड बाईंची. सासूनं त्यांना दाखवून दिलेली. टोपली भरली की त्या माझ्या पायरीवर टेकतात, पाणी पितात आणि माझ्या शाळेतल्या मराठीला मनसोक्त हसतात. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला मास्तरीणबाई.

दोन वर्षांपूर्वी ही जमीन प्लॉट पाडून विकणाऱ्या एका लेआउटवाल्यानं जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वारसांकडून घेतली. त्यापाठोपाठ गावचा नवा विकास आराखडा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला आणि त्यात आमचा हिरवा तुकडा पिवळा झालेला होता. पिवळा म्हणजे घरांसाठी. मी हरकत लिहिली, टोल्यातल्या बायकांनी खाली अंगठे उमटवले, आम्ही ती तिथंच नेऊन दिली आणि पोच घेतली. शिक्का बघून मला फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

मग एका सकाळी बाई पायरीवर न बसता दारातच उभ्या राहिल्या.

“मास्तरीणबाई, आपल्या झाडाईवर नंबर टाकले वो. पांढऱ्या रंगानं. काऊन टाकले असतीन?”

मी गेले. प्रत्येक मोहावर छातीएवढ्या उंचीवर पांढरा पट्टा आणि आकडा. विचारायला नगरपंचायत काही लांब नव्हती. चालत दहा मिनिटं. पण मी गार्डाची मुलगी, मला कोण शिकवणार!

“हे तोडाचे नंबर आहेत, बाई,” मी म्हणाले. “माहे वडील असेच टाकत. आता नाई राहत ही झाडं.”

“पुसले तं?”

“पुसले तर ठेकेदाराला झाड सापडत नाही,” मी म्हणाले. हेही वडिलांच्याच तोंडून ऐकलेलं.

दुसऱ्या दिवशी फुलं वेचायला आलेल्या बायकांनी विळ्यानं रंग खरवडला. खरवडलेली साल ओली, लालसर दिसत होती, म्हणून वरून नाल्यातली माती थापली. मीसुद्धा चार झाडं केली. माझ्या नखांत रंग राहिला होता, तो मी शाळेत जायच्या आधी रॉकेलनं काढला. तरी पोरांसमोर दिवसभर हात मागे धरून शिकवलं.

ते नंबर तोडायचे नव्हते. आमच्याच हरकतीवरून नगरपंचायतीनं झाडं मोजायला माणूस पाठवला होता. जमीन पडीक आहे, झाडं नावापुरती आहेत, असं लेआउटवाल्याचं म्हणणं होतं. ते खोटं ठरवायला ही मोजणी. पुढच्या आठवड्यात पडताळणीला दुसरा माणूस यादी घेऊन आला. त्याला एकाही झाडावर नंबर दिसला नाही. यादी ऑफिसात बसून केली असा अर्ज लेआउटवाल्यानं लगेच दिला. हे मला नगरपंचायतीतल्या शिपायानं सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बाईंना सांगायची हिंमत होईना. दारावर टकटक झाली की मी आधी खिडकीतून बघायची. आमच्या हरकतीवरच्या सुनावणीच्या दोन दिवस आधी शाळेच्या फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. लेआउटच्या कामावर असतो तो माणूस. हसरा, अदबीनं बोलणारा.

“मॅडम, तुमचे तं आभारच मानले पाह्यजे. आमचं काम तुम्हीच सोपं केलं,” तो म्हणाला. “आता सुनावणीले कायले येता उन्हाचं? सरकारी नोकरी आहे तुमची. झाडाईचे नंबर पुसणारा कोण, हे कोणी विचारलं तं?”

तो निघून गेला. त्याला कुणी सांगितलं? कुणी बघितलं? त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं आणि ती भाजी मुकाट्यानं खाल्ली.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी टोल्यावर जाऊन बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या शिव्या देतील. त्या म्हणाल्या, “खरवडलं तं माह्या हातानं ना.”

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात होती. अधिकाऱ्यानं यादी वाचली, पडताळणीचा कागद वाचला आणि विचारलं, “या झाडांवरचे क्रमांक कुणी काढले, इथं कुणाला माहीत आहे?”

शेजारी बाई उठायला लागल्या. पदर सावरून, गुडघ्यावर हात देऊन. त्यांना वाटलं, आपलीच पाळी. मी त्यांचा हात दाबून त्यांना खाली बसवलं आणि उभी राहिले. मी म्हणाले, “मी सांगितलं म्हणून काढले. मला वाटलं, तोडायला टाकलेत.” मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तो मोटारसायकलवाला हसला नाही. तो फोनमध्ये काहीतरी लिहीत होता.

अधिकाऱ्यानं माझ्याकडून ते लेखी घेतलं. फेरमोजणी होईल, निर्णय नंतर, एवढंच सांगितलं. माझ्या नोकरीचं काय होईल, तुकडा हिरवा राहील की पिवळा, काहीच कळलेलं नाही.

परवा फेरमोजणीवाले आले. यावेळी मी तिथंच थांबले. पहिलंच झाड बाईंचं होतं. विळ्याच्या जखमेवरची माती वाळून गळाली होती आणि त्या खाचांवर हात ठेवून बाई उभ्या होत्या. ब्रश घेतलेला माणूस ताटकळला होता.

“मास्तरीणबाई,” त्यांनी विचारलं, “हा नंबर राखाचाच आहे ना वो? तोडाचा नाई ना?”

“राखाचाच आहे, बाई,” मी म्हणाले.

मागच्या वेळीही मी असंच ठाम सांगितलं होतं. बाईंनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, बुंध्यावरचा हात काढला आणि त्या बाजूला झाल्या.