तुमची पाळी कधी?

दवाखान्यात माझ्या समोरच्या भिंतीवर एक गोल तक्ता आहे. अठ्ठावीस दिवसांचे अठ्ठावीस कप्पे. पहिले पाच लाल, मग गुलाबी, बीज सुटतं त्या चौदाव्या दिवशी पिवळा ठिपका, आणि पुढचा अर्धा गोल निळा. निळ्यावर लिहिलंय, 'ल्युटिअल फेज'. मी त्याला नुसतं वाट बघणं म्हणते.

माझा आज एकतिसावा दिवस. तक्त्यात तो कप्पाच नाही. चार वर्षांच्या उपचारांत इतके दिवस कधी वर गेले नव्हते.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची पाळी कधी?"

"अजून आली नाही," मी पुटपुटले. "तीन दिवस झाले."

"अगं बाई! तीन दिवस बसलाय इथे? मी नंबर विचारत होते हो!"

दोघी हसलो. पण नंबराला आणि त्या रक्ताला एकच शब्द कुणी दिला असेल? या बाकावर पाळी लवकर यावी म्हणून सगळ्याच घड्याळ बघतात, आणि त्यातल्याच काहीजणी ती येऊच नये म्हणून देवाला विनवत असतात. पाळी चुकली, असं म्हणतात. एवढी हवीशी चूक दुसरी नसेल.

ओटीपोटात बारीकशी कळ आली. भूक असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तक्त्यात निळ्याला लागूनच लाल सुरू होत होता.

तेवढ्यात सिस्टरनं दारातून हाक मारली, "चला ताई, आली तुमची पाळी."

बाकावरून उठायचा मला धीर होईना.