फाईल माझी, परवानगी वैशालीची

मंडळी, आज माझ्या पोटात लय दुखायलंय, आणि हे दुखणं गोळीनं जाणारं न्हाई.

झरीला आमच्या बियाण्याच्या कंपनीत सगळ्या गावांच्या पेरणीची फाईल मीच बनवलेली. आज उघडायला गेले तर स्क्रीनवर आलं, ‘तुम्हाला परवानगी नाही. मालकाकडे मागा.’

मालक कोण? नवीन आलेली वैशाली! साहेबांनी मला न विचारताच फाईल तिच्या नावावर करून टाकली होती.

दातओठ खात परवानगी मागितली. तिनं दिली, पण नुसती बघायची. मला एक आकडा बदलता येईना, आणि मीटिंग तोंडावर आलेली.

तेवढ्यात तीच पळत आली. “ताई, तुमाला लिहायची परवानगी कुठून द्यायची? मला जमंनाच झालंय.”

मी तिच्या कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढचं ‘फक्त पाहा’ काढून ‘बदल करा’ निवडलं. फाईल चालू झाली.

मीटिंगमध्ये नवे आकडे भरलेली फाईल बघून साहेब म्हणाले, “शाब्बास वैशाली!”

ती लगेच म्हणाली, “मी न्हाई सर, ताईनं केलं.”

तर साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, “बघा, किती मोठ्या मनाची पोरगी आहे!”

आता तुमीच सांगा, अशा चांगल्या पोरीवर माणसानं जळायचं तरी कसं? मला तर अजूनही जमायलंय.